सामाजिक माहितीपटासाठी वेळ कुठून आणायचा

विलास घोगरे हे नाव माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या कामात दोनदा येते. मुंबईतील झोपड्यांच्या पाडापाडीवरील ‘हमारा शहर’ या १९८५च्या माहितीपटात हे शाहीर गाताना दिसतात. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली, आणि तेथून ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचे काम सुरू झाले. तो पूर्ण झाला २०११ साली, म्हणजे चौदा वर्षांनी. माहितीपट करू इच्छिणारी तरुण मंडळी भेटतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न कॅमेरा कोणता घ्यावा हा असतो. एका विषयाजवळ चौदा वर्षे राहायचे तर घरभाडे कसे भरायचे, हे मला आजवर फारच थोड्यांनी विचारले आहे. माझ्या मते या पेशातील बाकीचे सगळे निर्णय या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात, म्हणून हे मार्गदर्शन तेथूनच सुरू करतो.

आधी पोटापाण्याचे

एके काळी हा पेशा नोकरीचा होता. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने अनेक दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि संकलक पगारावर ठेवले होते, आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी त्यांचे अनुबोधपट दाखवणे बंधनकारक असल्याने प्रेक्षकही आयता मिळत असे. ती संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दूरदर्शनसाठी स्वतंत्र निर्मात्यांकडून माहितीपट करवून घेणारा पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट २००० साली सुरू झाला आणि त्याने माझ्या पिढीतील अनेकांना पहिली संधी दिली. तथापि आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने दरमहा कोणीतरी पैसे देईल असे गृहीत धरू नये. माहितीपटाच्या कमाईवर घर चालत नाही. दुसऱ्या कमाईवर घर आणि माहितीपट दोन्ही चालवावे लागतात.

ती दुसरी कमाई कोणती असावी, याचा विचार तिच्यातून किती पैसे मिळतात यापेक्षा तिच्यातून कोणते दिवस मोकळे राहतात या अंगाने करावा. इतरांसाठी कॅमेरा चालवणाऱ्याला पैसे बरे मिळतात, परंतु बोलावणे येईल त्या दिवशी जावेच लागते, आणि नेमक्या त्याच दिवशी आपल्या विषयातील मोर्चा, सुनावणी किंवा मयत असते. संकलनाचे काम मात्र घरी, रात्री, आपल्या सोयीने करता येते. उपशीर्षके तयार करणे, मुलाखती उतरवून काढणे, भाषांतर करणे ही कामेही तशीच. महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस शिकवणे मला सर्वांत निर्धोक वाटते, कारण त्याचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच हाती असते. नवशिक्याने कॅमेऱ्याआधी संकलन शिकावे, असा माझा आग्रह असतो. त्याने पोट तर भरतेच, शिवाय संकलनाच्या टेबलावर दुसऱ्यांच्या चुका निस्तरताना आपण चित्रीकरणात काय टाळावे हेही कळते.

स्वयंसेवी संस्थांसाठी केलेल्या फिल्म हा या क्षेत्रातील नेहमीचा उत्पन्नाचा मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र संस्थेची फिल्म आणि आपला माहितीपट यांची सरमिसळ होऊ देऊ नये. एका संस्थेसाठी चित्रीकरण करताना एका बाईंनी माझ्यावरच्या विश्वासापोटी सांगितलेली हकिगत पुढे त्या संस्थेच्या देणगीच्या पत्रकावर त्यांच्या फोटोसह छापली गेली. मूळ फुटेजवर हक्क कोणाचा हे करारात लिहिलेले नव्हते, त्यामुळे मला तोंडी निषेधापलीकडे काही करता आले नाही. तेव्हापासून कोणतेही काम घेताना चार गोष्टी लेखी ठरवतो: अर्धी रक्कम आगाऊ, दुरुस्त्यांच्या जास्तीत जास्त दोन फेऱ्या, मूळ फुटेज कोणाकडे राहणार, आणि चित्रित झालेल्या व्यक्तीचे चित्र त्या फिल्मबाहेर वापरायचे झाल्यास पुन्हा विचारणे. मानधनातून कापलेल्या टीडीएसची नोंद ठेवून दरवर्षी विवरणपत्र भरावे, हे सांगायला नको. पण अनुदानाच्या अर्जासोबत तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली की अनेकांची तारांबळ उडते, म्हणून सांगितले.

शिक्षणाविषयी थोडक्यात. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट तंत्र उत्तम शिकवते आणि मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यमाबरोबर समाजाचा अभ्यासही होतो. प्रवेश मिळत असेल तर जरूर घ्यावा. मिळाला नाही तर अडून राहू नये. पटवर्धनांनी इंग्रजी साहित्य, समाजशास्त्र आणि संज्ञापन या विषयांचे शिक्षण घेतले. चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे या मुळात समाजकार्याच्या अध्यापक आणि संशोधक होत्या. एखाद्या अनुभवी दिग्दर्शकाच्या एका माहितीपटावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत साहाय्यक म्हणून राहणे, आणि त्यात मुलाखती उतरवून काढण्याचे कंटाळवाणे काम अंगावर घेणे, याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

विषय जवळचा निवडावा

जवळचा हा शब्द मी अंतराच्या अर्थानेच वापरतो आहे. ज्या गावी एसटीने सकाळी जाऊन रात्री परतता येते, किंवा जिथे कोणाच्या तरी घरी पथारी टाकता येते, तिथे आपण चाळीस वेळा जाऊ शकतो. जिथे जायला गाडी भाड्याने घ्यावी लागते आणि लॉजचे बिल भरावे लागते, तिथे चार वेळा. चाळीस खेपा आणि चार खेपा यांतून दोन वेगळे माहितीपट होतात.

उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा विषय घेऊ. या कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ साली गाजले, राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्या काळात बीडच्या गावांतून कॅमेऱ्यांची रीघ लागली. तीन दिवसांसाठी गेलेल्या माणसाला तेथे काय मिळते? उंबऱ्यावर बसलेली एक बाई, तिच्या हातातील दवाखान्याची कागदपत्रे आणि एक वाक्य. त्या वाक्यात खोटे काही नसते, पण ती शस्त्रक्रिया का करून घ्यावीशी वाटली याचे उत्तर त्या उंबऱ्यावर नसते. ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, या हिशेबात असते, कारण त्यात बायकोचा एक खाडा दोघांचा खाडा ठरतो. फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणी नसते आणि पहाटे अंधारात मोळ्या उचलायच्या असतात, यात असते. हे सगळे कॅमेऱ्यात यायचे तर उचल घेण्यापासून दसऱ्यानंतर टोळ्या निघण्यापर्यंत, आणि फडापासून उन्हाळ्यातील हिशेबापर्यंत किमान एक पूर्ण वर्ष त्या एका टोळीबरोबर असावे लागते. एकाच वर्षाचे चित्रीकरण केले तर त्या वर्षीचा पाऊस आणि त्या वर्षीचा मुकादम म्हणजेच सगळे, असा समज होण्याचा धोका राहतो, म्हणून मी दोन हंगाम धरतो.

पहिल्या चार-पाच भेटींत कॅमेरा नेऊ नये. त्या काळात वाचावे: विधिमंडळातील प्रश्नोत्तरे, न्यायालयांचे आदेश, समित्यांचे अहवाल, जिल्ह्याच्या दैनिकांचे जुने अंक. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि कायद्याने तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते; प्रत्यक्षात अपिलात जावे लागते हे धरून अर्ज अगदी सुरुवातीलाच करावा, म्हणजे आपले चित्रीकरण संपेपर्यंत कागद हाती येतो. प्रश्न कसा विचारला यावर बरेच असते. ‘कामगारांच्या परिस्थितीची माहिती द्यावी’ असे लिहिले तर उत्तर येत नाही. अमुक तालुक्यात अमुक योजनेखाली अमुक वर्षी किती कामगारांची नोंदणी झाली, असे विचारले तर आकडा मिळतो.

अभ्यासापासून चित्रपटाकडे जाण्याची वाट मराठीत नवी नाही. सुमित्रा भावे यांचा ‘बाई’ हा १९८५चा लघुपट स्त्रियांविषयीच्या त्यांच्या संशोधनातून निघाला. ज्यांच्याविषयी संशोधन केले त्यांना लिहिता-वाचता येत नसेल तर ते त्यांच्यापर्यंत परत कसे न्यायचे, हा त्यामागचा प्रश्न होता. त्याही आधी दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘युगांतर’ या गटाने पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवर ‘मोलकरीण’ (१९८१) आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर आणखी एक फिल्म (१९८२) केली होती. या फिल्म जेमतेम अर्ध्या तासाच्या आहेत आणि त्या संघटनांच्या बैठकांतूनच उभ्या राहिल्या. दोन तासांचा माहितीपट करण्याची ईर्षा बाळगणाऱ्याने त्या आवर्जून पाहाव्यात.

संमती

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवशिक्यांकडून सर्वांत जास्त चुका येथे होतात आणि त्यांची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेणे आवश्यक आहे, परंतु तो कागद आपल्या बचावासाठी असतो हे स्वतःशी कबूल करावे. समोरच्या माणसाला समजेल अशी संमती त्याच्या बोलीत, कॅमेरा चालू असताना, सविस्तर बोलून घ्यावी लागते. ‘मावशी, हे उद्या यूट्यूबवर गेलं तर मुकादमही बघेल, तुमच्या सुनेच्या माहेरचेही बघतील’ असे स्पष्ट सांगावे आणि मग गप्प बसून उत्तराची वाट पाहावी. पुष्कळदा त्या ठिकाणी नवरा किंवा टोळीतील कोणीतरी उभा असतो आणि होकार तोच देतो. असा होकार धरू नये. बाई एकटी असताना, शक्य तर सोबतच्या स्त्री सहकाऱ्याने, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. वर्षभर चालणाऱ्या कामात संमतीही वर्षभर घेत राहावी लागते, कारण हंगामाच्या सुरुवातीला निर्धास्त असलेली बाई हंगामाच्या शेवटी कर्जात असू शकते. संकलन अंतिम होण्याच्या तारखेपर्यंत कोणीही आपला भाग काढून घ्यायला सांगू शकतो, आणि तसे सांगितल्यास मी तो काढीन, असा शब्द मी सुरुवातीलाच देतो. आजवर तिघांनी तो वापरला. त्यातील एका प्रसंगाने माझ्या फिल्मचा मधला भाग कोसळला आणि तो पुन्हा उभा करायला पाच महिने लागले. तरीही तो शब्द देण्याची पद्धत मी बदललेली नाही.

कायद्याची किमान माहिती असावी. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ लागू होते. चेहरा धूसर केला की ओळख लपली, हा गैरसमज आहे. गावातील माणसे आवाजावरून, हातातील बांगड्यांवरून, दाराच्या रंगावरून आणि मागे बांधलेल्या म्हशीवरूनही घर ओळखतात. म्हणून ज्या साक्षीत धोका आहे ती चेहऱ्याशिवाय, दुसऱ्याच्या आवाजात आणि वेगळ्या जागेच्या चित्रांवर बसवावी, आणि मूळ ध्वनिमुद्रण बाकीच्या फुटेजमध्ये न ठेवता वेगळे, पासवर्डखाली ठेवावे.

पैसे द्यावेत का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. साक्षीसाठी पैसे देऊ नयेत, कारण मग साक्ष आपल्या मनाजोगती होत जाते. पण आपल्यामुळे कोणाचा रोज बुडाला तर तो भरून द्यावा, आणि ते उघडपणे सर्वांसमोर द्यावे. कोणाच्या घरी जेवलो तर पुढच्या खेपेला शिधा घेऊन जावे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून ठेवावी: फिल्म त्यांना आधी दाखवली जाईल, त्यांचे म्हणणे ऐकले जाईल, परंतु शेवटचा निर्णय आपला असेल. हे न बोलल्याने किंवा बोलूनही दोन्ही बाजूंनी वेगवेगळे समजल्याने मन दुखावते. स्त्रियांनी चालवलेल्या ‘खबर लहरिया’ या बातमीपत्राच्या पत्रकारांवरील ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला २०२२ साली ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि त्याच सुमारास खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढून या फिल्ममधील आपले चित्र अपुरे असल्याचे म्हटले. त्यात कोण बरोबर होते हे ठरवण्याची येथे गरज नाही. पाच वर्षे जवळून चित्रीकरण केल्यावरही असे होऊ शकते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

चित्रीकरण

पहिला पैसा माइकवर खर्च करावा, दुसरा हार्ड डिस्कवर, आणि उरला तर कॅमेऱ्यावर. चित्र थोडे हललेले किंवा अंधारे असले तरी प्रेक्षक सहन करतो. आवाज नीट नसला की तो पाच मिनिटांत उठून जातो. कपड्याला लावायचा एक बिनतारी लेपल माइक, लांब दांडीवरचा एक बूम माइक, आणि कानावर नेहमी हेडफोन असावा. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सर्वांना गप्प बसवून तेथील नुसता आवाज मिनिटभर मुद्रित करावा. संकलनात वाक्यांमधील जोड झाकायला त्याइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्‌झची असल्याने सेकंदाला पंचवीस चौकटी आणि पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला तर ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसत नाहीत. सरकारी कचेऱ्यांत चित्रीकरण करणाऱ्याने हे कॅमेऱ्यावर चिकटवून ठेवावे.

सोळा मिलिमीटरच्या काळात चारशे फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपत असे आणि त्याची किंमत डोळ्यांसमोर असे, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस विचार करी. आता कार्डात दिवसभराचे चित्रण मावते आणि वर्षाअखेरीस तीनशे तासांचे फुटेज पाहून छातीत धडकी भरते. त्यावर उपाय एकच: रोज रात्री, झोपण्यापूर्वी, त्या दिवशीचे फुटेज दोन डिस्कवर उतरवून वहीत दोन पाने लिहायची, त्यात कोण, कुठे, काय म्हणाले आणि आपल्याला काय समजले नाही हे असावे. न समजलेल्या गोष्टींची यादी ही उद्याच्या चित्रीकरणाची यादी असते.

मुलाखतीत ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असे विचारू नये. दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनी हा प्रश्न इतका झिजवला आहे की त्याचे उत्तरही ठरलेले येते. ‘त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं?’ असे विचारले की माणूस आठवू लागतो, आणि आठवताना तो जे सांगतो त्यात वाटणे आपोआप येते. मुलाखतीहूनही महत्त्वाचे असते ते काम. ऊस तोडण्यापासून मोळी बांधणे, ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे, गाडी रचणे, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठमिरचीचे पैसे करणे, असे एखादे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता, दोन-तीन ठिकाणांहून चित्रित करून ठेवावे. हे करताना पाठ दुखू लागली की समजावे, बरोबर चालले आहे.

फुटेज सांभाळणे आणि संकलन

फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. दर चार-पाच वर्षांनी डिस्क बदलाव्या लागतात आणि हा खर्च अंदाजपत्रकात कोणीच धरत नाही. पण ‘हमारा शहर’मधील घोगरे यांचे गाणे जपलेले होते म्हणूनच पुढच्या माहितीपटात ते त्यांच्याच आवाजात येऊ शकले. रमाबाई नगरातील जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, या पोलिसांच्या दाव्याची तपासणी त्या माहितीपटात पोलिसांच्याच बाजूने पुढे आलेल्या चित्रफितीच्या आधारे केलेली आहे. आपण आज चित्रित करतो ते उद्या पुरावा होऊ शकते, त्यामुळे मूळ फाइलींची नावे आणि तारखा कधीही बदलू नयेत.

सर्व मुलाखती टाइमकोडसह, म्हणजे फुटेजमधील नेमकी वेळ नोंदवून, उतरवून काढाव्यात. यंत्राकडून उतरवून घेण्याची सोय आता झाली आहे, पण बीडची बोली, आगरी किंवा कोरकू यंत्राला नीट कळत नाही, आणि चुकीचे उतरवलेले दुरुस्त करण्यापेक्षा मुळातून लिहिणे सोपे पडते. नंतर कागदावरच, वाक्ये कापून भिंतीवर लावून, फिल्मचा पहिला आराखडा तयार करावा. संकलक शक्यतो चित्रीकरणाला न आलेला असावा. त्या दुपारी किती ऊन होते आणि त्या शॉटसाठी आपण काय सोसले, याच्याशी त्याला काही घेणेदेणे नसते; पडद्यावर काय दिसते तेवढेच तो पाहतो. रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, तिघांना दाखवावा: विषयाचा जाणकार, विषयाचा गंधही नसलेला, आणि आपल्यावर उपकार करायची इच्छा नसलेला. तिसरा मिळवणे अवघड असते.

पैसे

अंदाजपत्रकात प्रवास, साहाय्यकांचे मानधन, डिस्क, उतरवणी, संकलन, ध्वनिमिश्रण, रंगदुरुस्ती, उपशीर्षके, संगीताचे हक्क आणि वकील अशी कलमे असावीत, आणि स्वतःचे मानधनही लिहावे. ते मिळाले नाही तरी लिहावे. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची अनुदाने, गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी भरणाऱ्या फिल्म बाजारातील सहनिर्मितीच्या भेटीगाठी, ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाशी जोडलेला निधी, असे काही मार्ग आहेत. सर्वत्र पाच-सहा मिनिटांची चित्रफीत आणि दोन पानी टिपण लागते. अर्ज करायला सुरुवात करण्यापूर्वी पहिल्या हंगामाचे चित्रीकरण स्वखर्चाने झालेले असेल तर बोलणे निराळे होते. परदेशी पैसा घेण्याआधी विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० आपल्याला कसा लागू होतो हे सी.ए.ला विचारावे, चालू घडामोडींचे दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्या कंपन्यांवर आणि संस्थांवर त्यात स्पष्ट बंधन आहे, आणि करार सेवेचा आहे की देणगीचा यावर पुष्कळ काही ठरते. पैसे खात्यात आल्यावर सल्ला घेऊन उपयोग नसतो.

सेन्सॉर आणि न्यायालय

सार्वजनिक प्रदर्शनासाठी माहितीपटालाही १९५२च्या चलच्चित्र कायद्याखाली प्रमाणपत्र लागते, आणि चित्रपट दाखवण्यापूर्वी तो तपासण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ज्या खटल्यात मान्य केला तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरील एका छोट्या माहितीपटाचाच होता. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’ या पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी पाहायच्या वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे आले. अर्ज ऑनलाइन करावा लागतो; सोबत संवादांची संपूर्ण संहिता लागते, ती आधीच तयार ठेवावी.

कपात सुचवली गेली तर काय करायचे? प्रत्येक कपातीचे कारण लेखी मागावे आणि प्रत्येकीला लेखी, मुद्देसूद उत्तर द्यावे. फोनवर किंवा चहावर तडजोड करू नये, कारण पुढे न्यायालयात कागदच बोलतो. पटवर्धनांच्या अण्वस्त्रविरोधी माहितीपटाला सेन्सॉर मंडळाने एकवीस कपाती सांगितल्या होत्या, आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कपात न करता मोकळा केला. त्यांचा दुसरा एक माहितीपट १९९५चा; तो दूरदर्शनने दाखवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला २००६ साली. अकरा वर्षे हा आकडा पुन्हा वेळेच्याच प्रश्नाकडे नेतो. पूर्वी उच्च न्यायालयाआधी अपील न्यायाधिकरणाचा एक टप्पा होता. ते न्यायाधिकरण २०२१ साली रद्द झाल्याने आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते, म्हणून अंदाजपत्रकात वकिलाचे कलम असावे असे वर म्हटले.

महोत्सवात प्रमाणपत्राशिवाय दाखवायचे तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते आणि ती आयोजक मागतात. २००४ साली मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली तेव्हा माहितीपटकारांनी ‘विकल्प’ या नावाने समांतर महोत्सव भरवला होता. आणि २०१९ साली पटवर्धनांच्या ‘विवेक’ या माहितीपटाला केरळमधील महोत्सवासाठी सूट नाकारली गेली तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने प्रदर्शनाला परवानगी दिली. अशा वेळी एकट्याने भांडणे कठीण जाते. इतर माहितीपटकारांशी ओळख ठेवणे, त्यांच्या खेळांना जाणे, त्यांच्यासाठी सह्या करणे हाही या पेशाचा भाग आहे.

दाखवणे

राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रमाणपत्र लागते, आणि मोठ्या महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडेच हवा असतो, म्हणून माहितीपट यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नये. साधारण दोन वर्षे महोत्सव, महाविद्यालये, फिल्म सोसायट्या, वाचनालये आणि कामगार संघटना यांच्यात फिरवून नंतर खुला करावा. महाविद्यालयांकडून खेळाचे मानधन आणि प्रवासखर्च मागायला संकोचू नये. ध्वनिक्षेपकाचे भाडे देणाऱ्या संस्थेला दिग्दर्शकाचे भाडे परवडत नाही, हे मला अजून पटलेले नाही.

त्या सगळ्याआधीचा खेळ मात्र ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांच्यासमोर करावा. ऊसतोड टोळीला दाखवायचे तर फडावर दाखवता येत नाही, माणसे थकलेली असतात आणि गाडी केव्हा येईल याचा नेम नसतो. गावी परतल्यावर, पावसापूर्वी, देवळापुढे किंवा शाळेच्या पटांगणात, जेवणे झाल्यावर लावावे. प्रोजेक्टर, पांढरे कापड, दोन मोठे स्पीकर आणि वीज जाईल हे धरून इन्व्हर्टर सोबत न्यावा. पहिली दहा मिनिटे लोक फक्त एकमेकांना ओळखून हसतात, त्यामुळे खेळ दोनदा लावावा लागतो. दुसऱ्या खेळानंतर जे बोलणे होते ते मुद्रित करावे. माझ्या एका फिल्मचा शेवट त्या बोलण्यातूनच बदलला.

खेळ झाल्यावर प्रत्येक घराला पेन ड्राइव्हवर फिल्मची एक प्रत द्यावी आणि त्यातच त्या घरातील माणसांचे न वापरलेले चित्रणही घालावे, कारण वारलेल्या सासऱ्याचा बोलता चेहरा पुष्कळ घरांत दुसरा कुठेच नसतो. फोन नंबर बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याचा आणि किराणा दुकानदाराचा नंबरही वहीत लिहून ठेवावा. दसऱ्यानंतर टोळी पुन्हा निघते तेव्हा निरोप येतो, ‘दादा, औंदा येणार ना?’ आणि फिल्म पूर्ण झालेली असली तरी मी जातो. कॅमेरा बरोबर असतो, आणि एक कोरी डिस्क.